सबवूफर पेटी

सबवूफर पेटी ही सुमारे २० ते १०० हर्ट्‌झ दरम्यानच्या खर्ज ध्वनीसाठी बांधलेली ध्वनिवर्धकाची पेटी होय. उघड्या ध्वनिवर्धकाच्या शंकूपुढील व मागील लहरी परस्परविरुद्ध असल्याने एकमेकींना नाहीशा करतात; त्यामुळे शंकू कितीही मोठा असला तरी पेटीविना खर्ज उमटत नाही.

बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये ही पद्धत प्रचारात आणली. नळीच्या पेटीत नळीतील हवाही घुमते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातल्यास येणारा आवाज याच जातीचा. पेटीत ६० लिटर मोकळी हवा व १० सेंमी व्यासाची नळी असल्यास ३० हर्ट्‌झसाठी नळीची लांबी सुमारे ३६ सेंमी लागते. या कंप्रतेखाली मात्र हवा शंकूला आवरत नाही आणि चित्रपटातील एखाद्या स्फोटाच्या दृश्यात ध्वनिवर्धक कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून त्याखालील ध्वनी गाळणारे फिल्टर आवश्यक असते. पेटीचे आकारमान नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापांवरून ठरवतात, अंदाजाने नव्हे.

अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. ४० अंशांच्या खोलीत ध्वनीचा वेग २० अंशांच्या तुलनेत सुमारे ३ टक्के वाढतो व ३० हर्ट्‌झचे ३१ होतात. हा फरक नगण्य आहे. लाकडाचे तसे नाही. कोरड्या वैशाखानंतर पावसाळ्यात अखंड फळ्या फुगतात, सांधे हलतात आणि फटींतून हवा निसटते. त्यामुळे सागवानाचा मोह टाळून १८ मिमी जाडीचे प्लायवूड वापरावे व आत आडवे टेकू द्यावेत.