मुक्काम पोस्ट दुबई

रात्रीचे अडीच वाजलेले. बर दुबईतल्या एका चार ताऱ्यांच्या हॉटेलचं काउंटर. सहा बॅगा, पेंगुळलेली दोन मुलं आणि सोफ्यावर बसल्या बसल्या डोळा लागलेल्या सासूबाई. काउंटरवरचा मल्याळी मुलगा अदबीनं म्हणाला, ‘सर, टुरिझम दिरहम. एक सौ पचास.’ आमचे मोठे दीर ताडकन म्हणाले, ‘सगळं ऑनलाइन भरलंय!’ आणि मोबाइल पुढे केला. मुलगा हसला. हे उत्तर तो त्या रात्री बहुधा दहाव्यांदा ऐकत असावा. त्यानं बोट ठेवलं ती ओळ पावतीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होती: स्थानिक शुल्क हॉटेलात भरावे.

हा कर 31 मार्च 2014 पासून आहे. पंचतारांकित खोलीला रात्री 20 दिरहम, चार ताऱ्यांना 15, तिनाला 10, त्याखाली 7. माणशी नव्हे, खोलीमागे. दोन खोल्या, पाच रात्री, पंधरा दिरहम. हिशेब चोख होता. आपल्या पैशात साडेतीन हजारांच्या आसपास. रकमेपेक्षा भाऊजींना झोंबलं ते हे की तीन महिने आम्ही घरच्या ग्रुपवर हॉटेलांची खलबतं केली, फोटो पाहिले, तारे मोजले, आणि तळाची ओळ कुणी वाचलीच नाही. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. दोनदा दुबईला जाऊन आले, मिळेल ते वाचलं, आणि आता माझं मत पक्कं आहे: दुबईत हॉटेल निवडताना तारे सगळ्यांत शेवटी बघायचे.

ताऱ्यांचं हे वेड आलं कुठून, ते बघण्यासारखं आहे. दुबईतलं पहिलं हॉटेल 1960 सालचं. त्याच वर्षी तिथला विमानतळ सुरू झाला आणि त्याच्याजवळ 35 खोल्यांचं ‘एअरलाइन्स हॉटेल’ उभं राहिलं. त्याआधी परगावचा माणूस उतरायचा तो ओळखीच्या व्यापाऱ्याकडे, आणि व्यापार होता तो मुंबईशी. 1909 साली दुबईत टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची; पत्रांवर आपलीच तिकिटं लागत. बाजारात रुपया चाले. 1959 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा दुबईनं रुपयाला रामराम ठोकला. त्याच वर्षी समुद्रात तेल सापडलं. म्हणजे आपण आज ज्या चलनाचा भाव बघून आवंढा गिळतो ते दिरहम 1973 चं, आणि माझ्या सासऱ्यांच्या शाळकरी वयात तिथे आपलाच रुपया खणखणत होता.

पुढचा टप्पा शिकागोचा. जुमेराच्या किनाऱ्यावर एका पट्ट्याला लोक ‘शिकागो बीच’ म्हणत. अमेरिकेतल्या शिकागोच्या एका कंपनीनं तिथे समुद्रात बुडवून ठेवायच्या तेलाच्या अवाढव्य टाक्या बांधल्या होत्या, म्हणून हे नाव. मग तिथे ‘शिकागो बीच हॉटेल’ आलं. नव्वदच्या दशकात ते पाडलं आणि त्याच किनाऱ्यासमोर, पाण्यात 280 मीटर आत, कृत्रिम बेट करून शिडाच्या आकाराचं ‘बुर्ज अल अरब’ उभारलं. वाळू भुसभुशीत, खडक हाती लागेना. म्हणून 40 मीटर लांबीचे 230 खांब वाळूत ठोकले. वाळू आणि काँक्रीट यांच्यातल्या घर्षणावर ही 321 मीटरची इमारत तोलून धरली आहे. वास्तुरचनाकार टॉम राइट. उद्घाटन डिसेंबर 1999. उद्घाटनाआधी पाहुणचाराला गेलेल्या एका ब्रिटिश पत्रकारानं हे तर सात ताऱ्यांचं हॉटेल, असं लिहिलं म्हणतात, आणि तो शब्द जगभर झाला. सरकारी वर्गवारीत तिथे पाचाच्या वर तारे नाहीतच. ‘सेव्हन स्टार’ ही पदवी कुणी दिलेली नाही, ती चिकटली. आपल्याकडे एखाद्याला कायमचं ‘अण्णा’ म्हणतात तसं.

या एका इमारतीनं दुबईचं गणित बदललं. हॉटेल शहरासाठी असतं. इथे शहर हॉटेलांसाठी उभं राहू लागलं. 2008 मध्ये ‘पाम’ या कृत्रिम बेटाच्या टोकाला पंधराशेहून अधिक खोल्यांचं ‘अटलांटिस’ आलं. 2010 मध्ये बुर्ज खलिफाच्या पोटात अर्मानी नावाचं हॉटेल निघालं. 2024 मध्ये 1 कोटी 87 लाख लोक दुबईत मुक्कामी राहिले आणि त्यांच्यासाठी दीड लाखाहून जास्त खोल्या होत्या. एवढ्या खोल्या असल्या की कुठल्याही बजेटात ‘चार तारे’ सापडतातच. गोची तिथेच होते.

कारण दुबई हे लांबट शहर आहे. समुद्रकाठानं ताणलेलं. विमानतळापासून मरिनापर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर. आपल्या चर्चगेट ते बोरिवलीएवढं. पाहण्याच्या गोष्टी या पट्टीवर मणी ओवावेत तशा विखुरल्या आहेत: सोन्याचा बाजार आणि खाडी एका टोकाला, बुर्ज खलिफा मधे, मरिना पार दुसऱ्या टोकाला. बोरिवलीला खोली घेऊन रोज काळबादेवीला खरेदीला जाणाऱ्याला आपण शहाणा म्हणू का? पण दुबईत हेच करतो, कारण मरिनाचा फोटो छान असतो.

म्हणून आधी मेट्रोचा नकाशा उघडावा. 9 सप्टेंबर 2009 रोजी सुरू झालेली लाल मार्गिका विमानतळावरून येते आणि बुर्जुमान, बुर्ज खलिफा, मॉल ऑफ द एमिरेट्स करत मरिनाकडे जाते. दोन वर्षांनी आलेली हिरवी मार्गिका देरा आणि बर दुबई या जुन्या वस्त्यांतून फिरते. दोन्ही एकमेकींना भेटतात ती स्थानकं दोन, युनियन आणि बुर्जुमान. या दोन्हींच्या आसपास मुक्काम असला की सगळं शहर हाताशी येतं. आणि ‘मेट्रोजवळ’ या शब्दावर भाळू नका. दुबई मॉलच्या स्थानकातून मॉलच्या दारापर्यंत जाणारा वातानुकूलित पूलच 820 मीटरचा आहे. सासूबाईंनी त्या सरकत्या पट्ट्यांवर उभं राहून विचारलं होतं, ‘अगं, आपण अजून स्टेशनातच आहोत का?’ हॉटेलचं अंतर गाडीनं किती मिनिटं ते सांगतात. तुम्ही चालत किती ते विचारा, आणि दुपारच्या उन्हात विचारा.

उन्हावरून आठवलं. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला तिथे कायद्यानं बंदी आहे. उन्हाळ्यात भाव कोसळतात ते उगाच नाही. तेव्हा पोहण्याच्या तलावांचं पाणी तापवत नाहीत, गार करतात! मे महिन्याच्या सुट्टीत स्वस्तात मस्त म्हणून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की तेव्हा तुम्ही शहर बघत नाही, एका एसीतून दुसऱ्या एसीत जाता. तेव्हा हॉटेल असं हवं की जे मॉलला किंवा मेट्रोला आतूनच जोडलेलं आहे; बाकी सगळं गौण. नोव्हेंबर ते मार्च हवा सुखाची आणि भाव चढे. आपली दिवाळीची सुट्टी या दोहोंच्या सांध्यावर येते, आणि बर दुबईतल्या मीना बाजारात तेव्हा रोषणाईही असते. नाताळ ते नवं वर्ष मात्र टाळा.

मराठी कुटुंबासाठी माझी पहिली शिफारस हॉटेल नव्हेच, हॉटेल अपार्टमेंट. हा दुबईतला वेगळा परवानाप्राप्त प्रकार आहे: बैठकीची खोली, एक किंवा दोन झोपायच्या खोल्या, ओटा, फ्रिज, बहुतेक ठिकाणी धुलाईयंत्र. साध्या हॉटेलात दोन मोठे नि दोन मुलं म्हटलं की वयाचा वाद सुरू होतो. बारा वर्षांवरच्याला बरेच जण प्रौढ धरतात. अपार्टमेंटमध्ये तो प्रश्न सौम्य होतो. आणि तिसऱ्या दिवशी, बुफेतल्या त्याच त्या क्रोसाँला कंटाळून मुलं जेव्हा वरणभात मागतात, तेव्हा ओट्याची किंमत कळते. धनंजय दातार यांच्या ‘अल अदील’च्या दुकानांत पोह्यांपासून थालिपिठाच्या भाजणीपर्यंत सगळं मिळतं. सासूबाईंनी रात्री दहाला मुगाची खिचडी टाकली, खिडकीबाहेर बर दुबईचे दिवे, आत हिंगाची फोडणी. पाच दिवसांत पहिल्यांदा त्या म्हणाल्या, ‘आता बरं वाटलं.’

जुन्या वस्तीत एक धोका असतो, तो सांगायला हवा. दारू दुबईत मुख्यतः परवाना असलेल्या हॉटेलांतच मिळते. त्यामुळे देरा आणि बर दुबईतल्या कित्येक तीन-चार ताऱ्यांच्या हॉटेलांच्या तळमजल्यावर गाण्याबजावण्याचे बार असतात, आणि ते पहाटेपर्यंत चालतात. पहिल्या खेपेला आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. रात्री तीन वाजता जुनी हिंदी गाणी ढोलकीसकट गादीतून वर येत होती. हॉटेलचं नाव सांगत नाही. त्यांनी सकाळी खोली बदलून दिली. तेव्हापासून मी आधी ईमेल करून विचारते: खाली क्लब आहे का, असल्यास वरच्या मजल्यावरची मागची खोली द्याल का? लेखी उत्तर जपून ठेवते. दारू न देणारी हॉटेलंही दुबईत भरपूर आहेत, आणि कुटुंबासाठी ती शांत असतात. स्वस्त म्हणून शारजाचा मुक्काम गळ्यात मारणाऱ्या सहलींपासून मात्र सावध राहा. शारजा हे वेगळं अमिरात आहे, आणि सकाळ-संध्याकाळ त्या रस्त्यावरची वाहनांची रांग पाहिली की वाचलेले पैसे आठवत नाहीत.

दराचंही तसंच. पडद्यावर दिसणारा आकडा आणि द्यायचा आकडा यांत सेवाशुल्क, नगरपालिकेचं शुल्क आणि 2018 पासूनचा 5 टक्के व्हॅट असतो. शेवटच्या पानावरचीच रक्कम खरी. शिवाय खोली ताब्यात मिळते दुपारी दोन-तीनला. मुंबईहून निघालेलं विमान पहाटे पोचत असेल तर आदल्या रात्रीचं भाडं धरा, नाहीतर सोफ्यावर झोपायची तयारी ठेवा. अनामत रक्कम कार्डावर अडकवतात. ती सुटायला दिवस लागतात.

आता थोडी चैन. पैसे एका रात्रीपुरतेच असतील तर माझं मन मिना रशीद बंदरात नांगरलेल्या ‘क्वीन एलिझाबेथ 2’ या जहाजाकडे ओढ घेतं. 1967 साली पाण्यात उतरलेलं हे आलिशान प्रवासी जहाज दुबईनं 2007 मध्ये 10 कोटी डॉलरला घेतलं, पुढच्या वर्षी आणून उभं केलं, आणि मग मंदी आली. जवळजवळ दहा वर्षं ते नुसतं पडून होतं. 2018 मध्ये त्याचं हॉटेल झालं. गोल खिडकीच्या काचेतून बंदराचं पाणी दिसतं, मार्गिकांच्या लांबच लांब कार्पेटवरून चालताना जहाज आता हलेल असं वाटत राहतं. काचेच्या नव्या मनोऱ्यांपेक्षा मला ते माणसाळलेलं वाटलं. दुसरी चैन वाळवंटाची. वाळवंटातल्या या शहरात हॉटेलच्या खिडकीतून वाळवंट जवळजवळ कुठेच दिसत नाही. ते हवं तर 225 चौरस किलोमीटरच्या राखीव क्षेत्रातलं ‘अल महा’ आहे, जिथे अरबी ओरिक्स हरणं मोकळी फिरतात. भाव ऐकून आम्ही चहा पिऊन परतलो असतो. पण चहालाही आगाऊ नोंदणी लागते.

शेवटच्या सकाळी चादरी बदलायला आलेला मुलगा नेपाळचा होता. कुठे राहतोस विचारलं, तर म्हणाला, ‘सोनापूर.’ मी क्षणभर थबकले. मुंबईकराला सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचं स्मशान. दुबईत मुहैसनातल्या कामगारांच्या वसाहतीला हे नाव आहे. तिथून रोज पहाटे बसगाड्या निघतात, आणि दीड लाख खोल्यांच्या चादरी ताठ होतात. टिप टेबलावर ठेवून निघू नका, हातात द्या.

तर माझा निकाल असा. पहिल्यांदा जाताय, बरोबर वयस्कर माणसं आहेत, खरेदी करायची आहे: बुर्जुमानच्या पाच मिनिटांत एखादं अपार्टमेंट घ्या. मुलांना समुद्रच हवा असेल तर मरिना, पण मग देराचा बाजार एकाच दिवसात उरका. पाम घेतलंत तर हॉटेलातच राहायची तयारी ठेवा. तिथून बहुतेक ठिकाणी जायचं म्हणजे टॅक्सी. आणि मुक्काम कुठेही असो, एका संध्याकाळी अब्रात बसून खाडी ओलांडा. लाकडी नाव, उघड्यावरची बाकडी, पाच-सात मिनिटांचा प्रवास. भाडं एक दिरहम, तेही नावाड्याच्या हातात.