भूल देणारी परिचारिका: सरकारी आणि गणवेशातल्या सेवेत खरी वाट कोणती?



माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. आता निवृत्तीनंतर कळमेश्वर तालुक्यातल्या वस्त्यांवर आणि वसतिगृहांत जाऊन मी आदिवासी मुलींना नर्सिंगच्या शिक्षणाची माहिती देते. हल्ली जवळजवळ प्रत्येक बैठकीत एक प्रश्न येतो : "सिस्टर, भूल देणारी नर्स व्हायचं असेल तर काय शिकायचं?" मुलींनी मोबाइलवर अमेरिकेतल्या अशा नर्सचे पगार पाहिलेले असतात. गेल्या वर्षी एका गोंड कुटुंबाने बैलजोडी विकून मुलीला एका खासगी संस्थेच्या 'अ‍ॅनेस्थेशिया नर्स' अभ्यासक्रमाला घातले. वर्षभराने हाती आलेले प्रमाणपत्र कोणत्याही सरकारी भरतीत चालेना. असे दुसऱ्या घरी होऊ नये, म्हणून हा विषय नीट समजावून सांगते. आपल्या मंडळीतही असे प्रश्न येत असतील.

अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही

अमेरिकेत परिचारिका भूल देतात, आणि हे तिथे शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. रॉचेस्टर गावी मेयो बंधूंच्या इस्पितळात अ‍ॅलिस मगॉ नावाची परिचारिका भूल देत असे. (आपल्या नागपूरच्या मेयोशी याचा संबंध नाही.) १९०६ साली तिने चौदा हजारांहून अधिक रुग्णांच्या भुलीचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. आज तिथे लष्कर, नौदल, हवाईदल आणि सरकारी आरोग्यसेवा या सगळ्यांत अशा परिचारिका अधिकारी म्हणून काम करतात. पण त्यासाठी आधी नर्सिंगची पदवी, तिथला परवाना, अतिदक्षता विभागातला अनुभव आणि मग डॉक्टरेट पातळीचे शिक्षण लागते. वर्षभराच्या प्रमाणपत्राने तिथेही काही होत नाही.

भारतात भूल देणे हे डॉक्टरांचे काम आहे. सरकारी दवाखान्यात 'भूल देणारी परिचारिका' असे स्वतंत्र पदच नाही. भूलतज्ज्ञांचा तुटवडा मात्र खरा आहे. भूलतज्ज्ञ हजर नसेल तर सिझेरियनची गरज असलेल्या बाईला पुढच्या रुग्णालयात पाठवावे लागते. कळमेश्वरहून नागपूरचे डागा, मेयो किंवा मेडिकल त्या मानाने जवळ. गडचिरोलीच्या आतल्या गावातून हाच प्रवास किती तासांचा होतो, ते तिथल्या बायाच जाणतात. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांनाच जीवरक्षक भूल देण्याचे खास प्रशिक्षण देण्यात आले. ते सुरुवातीला १८ आठवड्यांचे होते. म्हणजे ही उणीव भरून काढतानाही सरकारने डॉक्टरच निवडले.

मग परिचारिका काय करते?

पुष्कळ करते. रुग्ण उपाशीपोटी आहे ना, संमतीपत्रावर सही आहे ना, हे ती पाहते. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना, सक्शन चालते ना, तोंडात घालायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो ना, हे तपासते. औषधांच्या सिरिंजवर नाव लिहून ठेवते. कमरेत इंजेक्शन देताना घाबरलेल्या बाईला धरून बसवते. त्यानंतर रक्तदाब उतरू लागला तर तो बहुधा तिलाच आधी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी काढली. तिचा पहिला भाग भूल देण्याआधीच पुरा करायचा असतो, आणि त्या वेळी परिचारिका हजर असलीच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणारीही तीच. ज्या मुलीला रुग्णाच्या उशाशी उभे राहायचे आहे, तिला हे काम इथेच मिळू शकते. त्यासाठी तिने आधी रीतसर परिचारिका झाले पाहिजे.

चार दारे

पहिले दार राज्य सरकारचे. तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी झाली की अधिपरिचारिका पदाच्या भरतीला बसता येते. पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी बढती असते. थिएटरची नेमणूक मिळाली की ऑपरेशन थिएटर किंवा अतिदक्षता परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करावा. बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवानंतर क्रिटिकल केअरमधली दोन वर्षांची 'नर्स प्रॅक्टिशनर' ही पदव्युत्तर पदवीही घेता येते. भुलीच्या कामाला आपल्या देशातले सर्वांत जवळचे शिक्षण हेच.

दुसरे दार केंद्र सरकारच्या रुग्णालयांचे. नागपुरात मिहानला एम्स आहे, रेल्वेचे रुग्णालय आहे. एम्सची नर्सिंग ऑफिसरची भरती देशभराच्या एकाच परीक्षेतून होते.

तिसरे दार केंद्रीय पोलीस दलांचे. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांत स्टाफ नर्सची भरती उपनिरीक्षक दर्जावर होते. यात मुलगेही येऊ शकतात. शारीरिक मोजमाप आणि तपासणी असते, आणि बदली देशात कुठेही होते.

चौथे दार सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचे. हे फक्त मुलींसाठी आहे. पुण्याचे एएफएमसी, मुंबईचे नौदलाचे अश्विनी रुग्णालय अशा सहा ठिकाणी चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग शिकवतात. देशभरातून सुमारे २२० मुली घेतल्या जातात. मुलगी अविवाहित हवी, बारावी विज्ञान आणि नीटचे गुण हवेत. मग लेखी परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. शिक्षणाचा खर्च सैन्य करते, आणि त्याबदली सेवेचा करार लिहून द्यावा लागतो. शिक्षण पुरे झाले की मुलगी लेफ्टनंट होते. या सेवेतली सर्वोच्च अधिकारी मेजर जनरल दर्जाची असते. भूल इथेही डॉक्टरच देतात, पण थिएटरची आणि अतिदक्षतेची जबाबदारी या अधिकाऱ्यांवर असते.

ज्यांना नर्सिंगपेक्षा भुलीच्या यंत्रांचीच आवड आहे, त्यांच्यासाठी अ‍ॅनेस्थेशिया व ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यात या कामाला स्थान मिळाले आहे. तो तंत्रज्ञ परिचारिका नसतो आणि स्वतः भूल देत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

वाट दहावीलाच ठरते

आमच्या बहुतेक मुली दहावीनंतर कला शाखेत जातात, कारण जवळच्या कॉलेजात तीच असते. कला शाखेच्या मुलीला जीएनएम करता येते. बारावीला इंग्रजी आणि ४० टक्के गुण पुरतात. म्हणजे पहिली तीन दारे तिला बंद होत नाहीत. पण बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते, आणि सैन्याच्या त्या सहा महाविद्यालयांचे दार तर अकरावीचा फॉर्म भरतानाच बंद होते.

दुसरा अडथळा कागदाचा. अनुसूचित जमातीला राज्याच्या भरतीत ७ टक्के आणि केंद्राच्या भरतीत साडेसात टक्के जागा राखीव आहेत. राखीव जागेवर प्रवेशासाठी आणि राज्याच्या नोकरीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. आजोबांच्या काळचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधण्यात महिने जातात. हे काम अकरावीतच सुरू केले पाहिजे. सैन्यभरतीत मात्र असे आरक्षण नसते, तिथे तयारीच कामी येते.

तिसरी गोष्ट, पैसे भरण्याआधी संस्थेची मान्यता पाहावी. भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य परिषद यांच्या यादीत संस्थेचे नाव नसेल तर एक रुपयाही देऊ नये. पदवीची हमी देणाऱ्या दलालाला तर दारातही उभे करू नये.

आपण काय करू शकतो

शासनाची शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहे आहेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 'स्वयं' योजना आहे. पण हे पैसे उशिरा येतात, आणि परीक्षेच्या फॉर्मची तारीख थांबत नाही. फॉर्मची फी, वैधतेसाठी तहसीलच्या दहा फेऱ्यांचे बसभाडे, नीटची पुस्तके, मुलाखतीला पुण्या-मुंबईला जाण्याचे तिकीट, अशा लहान रकमांवाचून मुली मागे राहतात. आपल्या देणगीचा उपयोग इथे सर्वांत जास्त होतो. आपल्या मंडळीत कोणी निवृत्त परिचारिका, सैनिक किंवा विज्ञानाचे शिक्षक असतील तर महिन्यातला एक रविवार दुपारचा वेळ द्यावा. अकरावीचे प्रवेश जूनच्या सुमारास सुरू होतात. त्याआधी दहावीच्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना भेटणे जरुरीचे आहे. येऊ इच्छिणाऱ्यांनी आपले नाव कार्यालयात कळवावे, आणि या मुलींची आठवण आपल्या प्रार्थनेत ठेवावी.

आपली सेवेतील बहीण,
एक निवृत्त परिचारिका, कळमेश्वर