पंतोजींच्या ओसरीपासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत

१८१८ साली पेशवाई लयास गेली त्या सुमारास महाराष्ट्रात शिक्षणाचे दोन प्रवाह वाहत होते. एक संस्कृत विद्येचा, तो शास्त्री-पंडितांच्या घरी आणि राजाश्रयाच्या आधाराने चाले; दुसरा लिहिण्यावाचण्याचा आणि हिशेबाचा, तो गावोगावच्या पंतोजींच्या ओसरीवर चाले. एकाला मान होता, दुसऱ्याला गरज होती. पुढल्या दोनशे वर्षांत या दोहोंची जी स्थित्यंतरे झाली त्यांचा मागोवा घेण्याची निकड आज विशेष आहे. ज्या सरकारी मराठी शाळेने पंतोजींची शाळा मोडीत काढली, ती शाळाच आज पटसंख्येच्या आणि प्रतिष्ठेच्या प्रश्नाने ग्रासलेली आहे. आणि एक जुनी व्यवस्था जाते तेव्हा तिच्यातले काय टाकावयाचे व काय राखावयाचे, हा विवेक आपण मागे कितपत केला होता हे पाहिल्यावाचून पुढचा विवेक साधणार नाही.

संस्कृत विद्येचा प्रवाह प्रथम पाहू. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांनी विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासात दक्षिणा देण्याचा प्रघात घातला होता. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर तो प्रघात पेशव्यांनी आपल्याकडे घेतला, आणि पुढे पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशीचे वैदिक व शास्त्री या दानासाठी जमू लागले. राज्य गेल्यानंतर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. सालीना ५०,००० रुपयांची मर्यादा ठेवून त्या द्रव्याचा काही भाग विद्येकडे वळवला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८५१ साली ती इंग्रजी शाळेत विलीन होऊन पूना कॉलेज झाले, आणि त्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. दरम्यान १८४९ साली पुण्यातील काही तरुणांनी, दक्षिणेचे द्रव्य उपयुक्त मराठी ग्रंथांना बक्षीस देण्याकडे लावावे, असा अर्ज सरकारास केला. या अर्जामागे लोकहितवादींची प्रेरणा होती, आणि त्यामुळे पुण्यात मोठा क्षोभही उसळला. तथापि जन्माने मिळणारे दान गुणाने मिळणाऱ्या पारितोषिकात रूपांतरित व्हावे, ही मागणी परकीय सत्तेने लादलेली नसून याच भूमीतील लोकांनी केलेली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु बहुजनांच्या जीवनाशी ज्याचा निकटचा संबंध पोहोचू शकला असता तो प्रवाह दुसरा, पंतोजींचा. या शाळेला इमारत नसे. देवळाचा मंडप, सावकाराची पडवी किंवा खुद्द पंतोजींची ओसरी हीच शाळा. छापील पुस्तक नव्हते, नेमलेले वर्ग नव्हते, वार्षिक परीक्षाही नव्हती. मूल आले की धूळपाटीवर बारीक धूळ पसरून तीत काडीने अक्षर गिरवी. बोट वळले की बोरू आणि शाई हातात येई. मग बाळबोध, त्यानंतर मोडी, आणि मोडी बसली की पत्राचे मायने. वडिलांस ‘तीर्थस्वरूप’, लहानास ‘चिरंजीव’, अधिकाऱ्यास ‘राजमान्य राजश्री’ अशा पायरीपायरीने कोणास काय लिहावे, आणि जमाखर्च कसा मांडावा, खतावणी कशी करावी, कर्जरोखा कसा लिहावा, हे सारे तो मुलगा जुन्या कागदांवरून वाचून आणि नकलून शिके. पंतोजी गावाशी बलुतेदारासारखे बांधलेले असत, मात्र त्यांना वतनाचा हक्क नसे. महिन्याचे चार-दोन आणे, सणावारी शिधा, एखाद्या मुलाची मजल पुरी झाल्यावर पागोटे किंवा धोतरजोडी, यांवर त्यांचा योगक्षेम चाले. सायंकाळी सर्व मुले एका सुरात परवचा म्हणत, आणि तो सूर आळीभर ऐकू येत असल्याने शाळेत काय चालले आहे याची वार्ता गावास निराळी द्यावी लागत नसे.

या शाळेची पद्धत थोडी जवळून पाहिली पाहिजे, कारण तिचे खरे बळ तीत होते. प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाई. एकास बाळबोध चार महिन्यांत आले आणि दुसऱ्यास वर्ष लागले, तरी कोणी नापास होत नसे. पुढे गेलेला मुलगा मागच्याचे अक्षर घोटून घेई, आणि शिकवता शिकवता त्याचे स्वतःचे शिक्षण पक्के होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत असलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, तो प्रकार आपल्या अनाथालयात वापरला, थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची रीत बसवली, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. लँकेस्टर या इंग्रज शिक्षकाने तिकडे तशीच पद्धत चालवली व इंग्लंडभर तिचा प्रसार झाला. पुढे मुंबई इलाख्यात नव्या शाळा काढण्याचा विचार सुरू झाला तेव्हा हीच पद्धत सुधारलेली पाश्चात्य पद्धत म्हणून इकडे परत आली. आपल्या ओसरीवर चाललेल्या गोष्टीचे मोल ती परदेशाहून आल्यावरच आपल्याला कळावे, याचा खेद आजही वाटतो.

गणिताची कथा अशीच आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांनी तेव्हाचे व्यवहार तोंडी उलगडत. अकराची औटकी, म्हणजे साडेतीनपट, साडेअडतीस आणि तेराची दिडकी साडेएकोणीस, हे उत्तर कागदाला हात न लावता निघे. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया असल्यामुळे, जितक्या रुपयांना मण तितक्याच आण्यांना अडीच शेर, असा सरळ ठोकताळा बांधलेला होता: मणास आठ रुपये भाव असेल तर अडीच शेरांचे आठ आणे, इतका तो सोपा. अडीच शेर हा मणाचा सोळावा हिस्सा आणि आणा हा रुपयाचा सोळावा हिस्सा, हे नाते त्या ठोकताळ्यात दडलेले होते, आणि ते ज्याच्या ध्यानी आले त्याला गुणोत्तराचे मर्मच कळले, असे म्हणण्यास हरकत नाही. घोकंपट्टी म्हणून जिची हेटाळणी झाली त्या पाठांतरात असा व्यवहारबुद्धीचा गाभा होता.

इतके गुण सांगितल्यावर दोषांविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. छडी आणि अंगठे धरणे हे दंडप्रकार नित्याचे होते; भूगोल, इतिहास, सृष्टिज्ञान यांचा गंधही या शाळेला नव्हता. पण याहून फार मोठा दोष तिच्या उंबरठ्यावर होता. तेथे ब्राह्मणांची, प्रभूंची, वाण्यांची, सोनारांची आणि काही सुखवस्तू कुळांची मुले येत. कुणबी क्वचित येई. अस्पृश्य मानलेल्यांना तेथे प्रवेश नव्हता आणि मुलींचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. रा. वि. परुळेकरांनी मुंबई इलाख्यातील देशी शाळांविषयीचे १८२० ते १८३० या दशकातील सरकारी कागद शोधून १९४५ साली प्रसिद्ध केले. त्या काळच्या खानेसुमारीप्रमाणे ४६ लाखांवर लोकवस्तीच्या मुलखात सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० च्या आसपास मुले होती. गावोगाव शाळा होती हे अभिमानाने सांगणाऱ्यांनी गावातल्या किती घरांना ती होती हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

नव्या राज्याने या शाळांची चौकशी केली ती १८२३-२४ च्या सुमारास. मुंबईच्या नेटिव्ह स्कूल बुक सोसायटीच्या समितीने पुस्तकांचा अभाव, पद्धतीचा अभाव, लायक शिक्षकांचा अभाव आणि द्रव्याचा अभाव असे चार दोष दाखवले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली, शिक्षक तयार केले, आणि १८२६ पासून ते जिल्ह्यांच्या गावी रवाना झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली विद्याखाते स्थापन झाले; १८६३ साली सारावसुलीच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवून त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यात आला. बंगालने देशी शाळांना मदत देऊन सुधारण्याचा मार्ग धरला, तर मुंबई इलाख्याने खात्याच्या स्वतःच्या शाळा काढण्याचा. परिणाम असा झाला, की पंतोजींना कोणी हुकूम काढून घालवले नाही. ज्या घरांच्या आधारावर त्यांची चूल पेटे ती घरेच सरकारी शाळेकडे वळली, कारण सरकारी नोकरीची वाट तिकडून जात होती.

दरवाजा उघडण्याचे कार्य मात्र खात्याने आपणहून केले असे समजणे चुकीचे ठरेल. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी स्पष्ट सांगितले, की रयतेच्या श्रमातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयत अक्षरशत्रूच राहते. ही तक्रार मनावर घेऊन तिचा निकाल लावणारे संस्थानिक कोल्हापुरात निघाले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला, आणि पुढे १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्वांची मुले एका छताखाली आणली. त्याच १९१९ साली भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. पारंपरिक शाळेवर या माणसांनी जो घाव घातला तो विद्येवर नव्हता. विद्येभोवती उभ्या केलेल्या कुंपणावर होता.

हा घाव आवश्यक होता, आणि त्याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. माझा आक्षेप निराळा आहे. कुंपण काढताना आपण आतले काही चांगले रोपही उपटले, आणि ते उपटण्याचे काहीच कारण नव्हते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ दशमान वजनेमापे आली. हिशेब सोपा झाला हे खरे, पण आण्याशेरांबरोबर पावकी-औटकीची तोंडी शिस्तही निरुपयोगी ठरवण्यात आली, जणू अपूर्णांक जगातून नाहीसे झाले होते. मोडीचेही तसेच. छापखान्याने बाळबोधाला राजमान्यता दिली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून गेली. त्यामुळे पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, गावोगावचे जमिनींचे व वतनांचे कागद, घराघरांतील रोखे आणि फारकती, हे सारे एका पिढीच्या अंतराने त्यांच्या वारसांनाच अवाच्य झाले. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सरकारने हाती घेतला तेव्हा तहसिलीत जुनी दप्तरे उघडली गेली, आणि ती वाचण्यासाठी मोडी जाणणारे शोधून आणावे लागले. शंभर वर्षांपूर्वी जे ओसरीवरच्या दहा वर्षांच्या पोराला येत होते, त्यासाठी आज तज्ज्ञ लागतो, आणि तो मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबाचा हक्क कागदात अडकून पडतो.

परंपरा स्वतः आपले दार उघडते तेव्हा काय होऊ शकते, याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. वाईला नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा चालवली. शास्त्राध्ययनाची जुनी निष्ठा तिने सोडली नाही. पण त्याच पाठशाळेत विनोबांनी काही काळ अध्ययन केले, आणि तेथेच तयार झालेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने धर्मशास्त्राचे आधार उभे केले. त्याच वाईत धर्मकोशाचे काम झाले आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालयही आले. ग्रंथ जुनेच होते. ते कोणासाठी आणि कशासाठी वाचावयाचे, याविषयीची दृष्टी तेवढी बदलली होती.

आज जिल्हा परिषदेची शाळा नेमकी पंतोजींच्या जागी येऊन उभी आहे. तिच्या आधाराची घरे इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत, आणि त्यामागची प्रेरणाही जुनीच, म्हणजे नोकरीची वाट. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक बालकाला शाळेचा अधिकार दिला, तरी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा प्रश्न डोंगरी आणि दुर्गम भागांत वर्षानुवर्षे लोंबकळत आहे. अशा शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची योजनाही पुढे आली. मुलांची ने-आण होईल तेथे त्याचा विचार अवश्य व्हावा. परंतु ज्या वाडीत ओढा भरला की वाट बंद होते, तेथे शाळा हलवणे म्हणजे मुलींची शाळा सोडवणे होय, आणि शाहू-फुल्यांनी उघडलेला दरवाजा आपण पटसंख्येच्या कारणाने लोटून घेतल्यासारखे होईल.

अशा लहान शाळेला जुन्या ओसरीवरून घेण्यासारखे पुष्कळ आहे. एका शिक्षकापाशी चार इयत्तांची बारा मुले असतील, तर प्रत्येकास त्याच्या गतीने पुढे नेणे आणि थोरल्याकडून धाकट्याचे करवून घेणे ही उणिवेवरची तडजोड न राहता अध्यापनाची पद्धत होऊ शकते, मात्र तिचे रीतसर प्रशिक्षण शिक्षकास दिले पाहिजे आणि अशैक्षणिक कामांच्या ओझ्यातून त्याची सुटका केली पाहिजे. तोंडी हिशेब, सुवाच्य अक्षर, अर्ज आणि पत्र नीट लिहिण्याची सवय, सातबारा उतारा वाचून समजण्याची शक्ती, आणि माध्यमिक वर्गांत आवड असणाऱ्यांसाठी मोडी, यांना लागणारा खर्च अल्प आहे. लागते ती इच्छा. गावानेही शाळेशी पुन्हा नाते जोडले पाहिजे, कारण परवचा ऐकणारी आळी ही त्या वेळची तपासणीच होती, आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी मनावर घेतले तर ती आजही होऊ शकते.

कोणत्याही शिक्षणव्यवस्थेची पारख मी दोन प्रश्नांनी करतो: तिच्यात कोणाला प्रवेश आहे, आणि तेथून बाहेर पडणाऱ्याच्या हाती काय टिकते. पंतोजींची शाळा दुसऱ्या प्रश्नात उत्तीर्ण झाली आणि पहिल्यात पूर्णपणे नापास झाली. सरकारी शाळेने पहिला प्रश्न बहुतांशी सोडवला, आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच शाळेत मिळावे, हे काम गेल्या दोनशे वर्षांत अपुरे राहिले आहे. ते पुरे करण्याचे साधन आज आपल्या हाती असलेली जिल्हा परिषदेची मराठी शाळाच आहे, आणि म्हणूनच ती जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.