विश्लेषण : घरातली कोणती झाडे कुत्र्यांसाठी घातक? मनी प्लांटपेक्षा सायकसची भीती अधिक का?

बाल्कनीत मनी प्लांट, दिवाणखान्यात स्नेक प्लांट, दाराशी सायकस आणि या सगळ्यांतून बागडणारे चार महिन्यांचे पिल्लू, हे चित्र आता शहरांतल्या अनेक घरांत दिसते. दात बदलण्याच्या वयात पिल्लू चप्पल, सोफा, कुंडीतले पान, काहीही चावते. नर्सरीत झाड घेताना ऊन किती, पाणी किती एवढेच विचारले जाते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘विषारी झाडां’च्या याद्यांत मनी प्लांट आणि सायकस एकाच रांगेत असतात. प्रत्यक्षात त्यांच्या विषात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मनी प्लांट चावल्यास काय होते?

अळू नीट शिजले नाही की घसा खवखवतो, म्हणून फदफद्यात चिंच पडते. मनी प्लांट अळूच्याच कुळातला. डिफेनबेकिया, पीस लिली, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन आणि झीझी प्लांट ही त्याचीच भावंडे. या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत आणि हिरड्यांत घुसतात. कुत्र्याला लाळ सुटते, ते पंजाने तोंड घासते, कधी उलटी करते. आग लगेच होत असल्याने बहुतेक कुत्री पहिल्या-दुसऱ्या घासालाच पान सोडतात आणि त्रास सहसा काही तासांत ओसरतो. जीभ किंवा घसा सुजून श्वास अडू लागला, तर मात्र थांबू नये.

कोरफड आणि स्नेक प्लांटने उलट्या-जुलाब होतात. एरवी जिवावर बेतत नाही.

सायकस वेगळा का?

सायकस म्हणजेच ‘सागो पाम’. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो पाम नाही. नावात सागो असला, तरी आपल्या साबुदाण्याशीही त्याचा संबंध नाही. तो टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. सायकसच्या पाने, खोड, मुळे अशा सर्वच भागांत सायकॅसिन हे विष असते, बियांत सर्वाधिक. आतड्यातले जिवाणू सायकॅसिनचे विघटन करतात आणि त्यातून यकृतावर घाला घालणारे रसायन तयार होते.

अडचण अशी की सायकस तोंडाची आग करत नाही आणि कुत्र्यांना त्याच्या बिया आवडतात. एक-दोन बियाही जीवघेण्या ठरू शकतात. उलट्या काही तासांत सुरू होतात. यकृताची इजा दिसायला मात्र दोन-तीन दिवस जाऊ शकतात. हिरड्या पिवळ्या पडणे, झटके येणे ही पुढची लक्षणे. या विषावर उतारा नाही आणि उपचार मिळूनही अनेक कुत्री दगावतात. लहान कुंडीतल्या झाडाला बिया सहसा नसतात. सोसायटीच्या बागेतल्या जुन्या मादी झाडाला असतात. त्यामुळे फिरायला नेतानाही लक्ष हवे.

हृदयावर परिणाम करणारी झाडे कोणती?

कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी) आणि हल्ली गच्चीवर हौसेने लावले जाणारे अडेनियम. तिन्ही एकाच कुळातली आणि तिन्हींतले विष हृदयाचे ठोके बिघडवते. पानफुटी आणि तिचे रंगीत फुलांचे भावंड कलांचो यांतही हृदयाला घातक द्रव्ये असतात. कण्हेरीचे विष वाळलेल्या पानांतही टिकते. त्यामुळे छाटलेल्या फांद्या आणि पूजेच्या निर्माल्याची पिशवी जमिनीवर ठेवू नये.

कुत्र्याने पान खाल्लेच तर?

मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय सर्रास सांगितला जातो. तो धोकादायक आहे. जास्त मिठानेच कुत्र्याच्या जिवाला अपाय होऊ शकतो. तोंडातले तुकडे काढावेत, तोंड पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना फोन करावा. झाडाचा फोटो, चावलेल्या पानाचा तुकडा, खाल्ल्याची वेळ, अंदाजे किती खाल्ले आणि कुत्र्याचे वजन, एवढी माहिती हाताशी असेल तर उपचार लवकर ठरतात. सायकस, कण्हेर किंवा अडेनियम असेल, तर लक्षणे दिसण्याची वाट पाहूच नये.

झाडाइतकाच कुंडीतल्या खताचाही विचार हवा. सेंद्रिय खत म्हणून वापरल्या जाणाऱ्या एरंडीच्या पेंडीचा वास कुत्र्यांना खेचतो. निर्विष न केलेल्या पेंडीत रायसिन हे तीव्र विष उरते.

घरात हिरवाई ठेवायचीच असेल, तर अरेका पाम, स्पायडर प्लांट आणि बोस्टन फर्न कुत्र्यांसाठी बिनविषारी मानले जातात. नर्सरीत नुसते ‘पाम द्या’ म्हटले, तर हाती अरेका येतो की सायकस, हे नीट पाहून घ्यावे. अरेकाची पाने मऊ आणि लवचीक, तर सायकसची ताठ, टोकाला टोचणारी असतात.