अश्वहृदय आणि सहाशे ग्रॅमचा मेंदू

नलोपाख्यानातला ऋतुपर्ण राजा अयोध्येहून विदर्भातल्या कुंडिनपुराला एका दिवसात पोचतो. त्याचा सारथी बाहुक, म्हणजे वेश पालटलेला नल. त्यानं पागेतून निवडलेले घोडे रोड दिसतात, म्हणून राजा साशंक होतो. रथात चढताच ते घोडे गुडघ्यांवर खाली येतात, तेव्हा तर त्याची शंका खरीच ठरल्यासारखी वाटते. नल चाबूक उचलत नाही. घोड्यांना चुचकारतो, शांत करतो आणि मग निघतो. वाटेत राजाचं उपरणं उडून पडतं आणि तो थांबायला सांगेपर्यंत रथ योजनभर पुढे गेलेला असतो. याच प्रवासात बेहड्याच्या झाडापाशी दोघांचा सौदा ठरतो : राजानं नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म द्यायचं आणि नलानं राजाला अश्वहृदय. फाशांचं मर्म नलाला तिथल्या तिथे मिळतं. अश्वहृदयात नेमकं काय होतं, ते मात्र महाभारत सांगत नाही.

गेली काही वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे, त्याला कारण तळोजा. मी इथे राहतो. शरीरक्रियाविज्ञान शिकवण्यात नोकरी गेली आणि पन्नाशी उलटल्यावर घोड्यावर बसायला शिकलो. मेट्रोचे खांब आणि एमआयडीसीची धुराडी मागे टाकली की डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसा तबेला आहे. तिथे रविवारी सकाळी जे कानांवर पडतं, ते सगळं घोड्याच्या स्वभावाबद्दल असतं : हा माजलाय, ती नखरेल आहे, तो मुद्दाम करतो. ‘मुद्दाम’ हा शब्द मला नेहमी अडखळवतो. मुद्दाम करायला मेंदूचा जो भाग भरपूर लागतो, तो घोड्याकडे फारसा नाही.

माणसाचा मेंदू सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. घोड्याचा सहाशेच्या आसपास आणि तोही चार-पाचशे किलोच्या देहाला पुरणारा. पण वजनापेक्षा वाटणी महत्त्वाची. माणसाच्या कपाळामागचा भाग अवाढव्य वाढलेला आहे. बेत आखणं, मोह आवरणं, ‘थांब, आधी नीट बघू’ असं स्वतःला बजावणं ही त्याची कामं. घोड्यात हा भाग तुलनेनं लहान आहे. त्याच्या मेंदूचा मोठा हिस्सा हालचाल, तोल आणि इंद्रियांकडून येणारी खबर यांत गुंतलेला असतो. जन्मल्यावर तास-दोन तासांत शिंगरू उभं राहतं आणि लवकरच आईमागे धावतं. आपलं बाळ तोवर मानसुद्धा धरत नाही. घोडा हे गवताळ माळावरचं भक्ष्य. आधी पळायचं आणि मग, जिवंत राहिलो तर, काय होतं ते बघायचं, असा त्याच्या पूर्वजांचा हिशेब होता आणि तो चुकला नाही म्हणून आज घोडा आहे.

भीतीची खबर मेंदूत दोन वाटांनी जाते. एक आडवाट थेट बदामाच्या आकाराच्या भयकेंद्राकडे, तर दुसरी लांबची वाट विचार करणाऱ्या बाह्यस्तराकडे. आपल्यालाही दोरी दिसली की आधी दचकायला होतं आणि मग ‘साप नव्हे’ हे कळतं. ते कळल्यावर कपाळामागचा भाग भयकेंद्राला आवरतो. घोड्यात आडवाट तितकीच वेगवान आहे, पण आवरणारा लगाम सैल आहे. त्यात भर म्हणजे वर बसलेल्या माणसाला वाटतं, याला आपल्यासारखंच दिसतंय.

तसं त्याला दिसत नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं घोड्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि शेपटीमागे तेवढं आंधळं क्षेत्र राहतं. या सोयीची किंमत म्हणजे बारकावे आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत. रंगांपैकी निळा आणि पिवळा त्याला ओळखता येतो, तांबडा आणि हिरवा नीट वेगळे काढता येत नाहीत. इंग्लंडमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत उड्यांच्या चौकटी पिढ्यान्‌पिढ्या नारिंगी रंगवत. माणसाला नारिंगी ठळक दिसतो ना! एक्सेटर विद्यापीठाच्या 2018 मधल्या अभ्यासात दिसलं की घोड्याला तो गवतापासून नीट वेगळा काढता येत नाही आणि पांढरा, झगझगीत पिवळा किंवा चमकदार निळा त्याला अधिक उठून दिसतो. 2022 पासून तिथे नारिंगी जाऊन पांढरा रंग आला. जे घोडे तोवर अडखळले, त्यांच्या खात्यावर काय काय दोष मांडले गेले असतील, कोण जाणे.

आमच्या तबेल्याच्या वाटेवर एका कुंपणावर निळी ताडपत्री टाकलेली असे. जाताना घोडी तिच्याकडे ढुंकून बघत नसे आणि येताना त्याच ताडपत्रीला हटकून बुजे. स्वार मंडळींत यावर एक ठाम मत आहे : घोड्याच्या मेंदूचे दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत, डाव्या डोळ्याला शिकवलेलं उजव्याला कळत नाही. हे खरं नाही. दोन गोलार्धांना जोडणारा पूल घोड्यालाही आहे. एव्हलिन हँगी या संशोधिकेनं 1999 मध्ये एक डोळा झाकून घोड्यांना खुणा ओळखायला शिकवलं आणि मग दुसरा डोळा झाकून पाहिलं. त्यांना आधीचं शिकलेलं ओळखता आलं. मग ताडपत्रीचं काय? कोलोरॅडोमधल्या अभ्यासकांनी 2021 मध्ये मुलांच्या खेळण्याचा एक मोठा प्लॅस्टिकचा संच घोड्यांच्या सवयीचा केला आणि मग तो नुसता नव्वद अंशांत फिरवून ठेवला. घोडे नवी वस्तू पाहिल्यासारखे दचकले. म्हणजे डोळा बदलतो हे कारण नसून वस्तूचा आकार बदलतो हे असावं. परत येताना दिसणारी ताडपत्री ही घोडीच्या लेखी निराळीच ताडपत्री. उपाय सोपा आहे : कुठलीही वस्तू दोन्ही बाजूंनी, जाताना आणि येताना, शांतपणे दाखवायची. त्यात पाच मिनिटं जातात. चाबूक मारला तर ताडपत्री दिसली की मार बसतो एवढंच तिच्या मेंदूत पक्कं होतं आणि पुढच्या खेपेला ती दुपटीनं बुजते.

आता वरच्या मेंदूकडे येऊ. स्वारीत दोन मेंदू असतात आणि त्यांच्यामध्ये एक कातडं. घोड्याच्या अंगावर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते. ज्याला माशीचं वजन कळतं, त्याला स्वाराची आवळलेली मांडी, धरलेला श्वास आणि लगामावर घट्ट झालेली मूठ कळणारच. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला चार वेळा ठरावीक अंतर न्यायचं, कुणी हातात धरून, कुणी वर बसून. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं की आता घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. छत्री होती ती फक्त माणसाच्या कपाळामागे. पुढचं रंगवून पाहण्याची जी ताकद आपल्याला शेती आणि रेल्वे देऊन गेली, तीच खोगिरावर बसल्यावर न उघडलेल्या छत्र्या उघडत बसते.

घोडा चेहराही वाचतो. ससेक्स विद्यापीठात 2016 मध्ये 28 घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली, तेव्हा रागीट चेहऱ्याकडे ते डाव्या डोळ्यानं बघू लागले आणि त्यांचे ठोकेही अधिक झपाट्यानं वाढले. डाव्या डोळ्याची खबर बहुतांशी उजव्या गोलार्धात जाते आणि धोक्याची छाननी प्रामुख्यानं तिथे होते. बर्लिनचा ‘हुशार हान्स’ तर प्रसिद्धच आहे. तो खुरानं बेरजा सोडवून दाखवी. ऑस्कर फुंग्स्टनं 1907 मध्ये उलगडा केला की हान्सला गणित येत नव्हतं. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, तेवढं त्याला पुरायचं. याकडे फजिती म्हणून पाहतात. मला ही घोड्याबद्दल आजवर मिळालेली सर्वांत मोलाची माहिती वाटते.

इतकी तीव्र संवेदना असलेला प्राणी मग टाच मारूनही हलत का नाही? याचं उत्तर माथेरानला मिळतं. तळोज्याहून पनवेल-नेरळमार्गे दस्तुरी नाक्यावर गेलं की मोटारींचं राज्य संपतं आणि लाल मातीत घोडे उभे असतात. त्यांच्यावर दिवसभर जी माणसं बसतात, त्यांतली बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच बसतात. तोल सांभाळायला ती लगाम खेचून धरतात आणि त्याच वेळी टाचाही रुतवतात. घोड्याच्या भाषेत हे ‘थांब’ आणि ‘चल’ एकाच वेळी झालं. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटल्यानं शिकतो. टाच लागली, तो पुढे सरकला आणि त्याच क्षणी पाय सैल झाला, तर त्याच्या मेंदूत ‘हे केलं की ते सुटतं’ अशी गाठ बसते. सुटका एक-दोन सेकंदांहून लांबली तर गाठ बसत नाही किंवा भलत्याच गोष्टीशी बसते. माथेरानच्या घोड्याला पर्यटकाकडून ती सुटका कधी मिळतच नाही. काहीही केलं तरी तोंडात ओढ आणि बरगडीत टाच. मग मेंदू अतिशय शहाणपणाचा निर्णय घेतो : वरच्याकडे लक्षच द्यायचं नाही. पुढचा घोडा आणि घोडेवाल्याचा आवाज एवढ्याच दोन गोष्टी खऱ्या. म्हणूनच वर बसलेला कितीही ‘चल, चल’ म्हणाला तरी घोडा ढिम्म आणि मागून घोडेवाल्यानं जिभेनं नुसतं टक्‌ केलं की तो दुडक्या चालीवर. आपण त्याला अडेल तट्टू म्हणतो. गिर्‍हाईक उतरल्यावर तोच घोडेवाला त्याच तट्टावर मांड टाकून दोन बोटांत लगाम धरून निघतो, तेव्हा अडेलपणा कुठे जातो?

नवख्याला घोड्यावर बसवण्याआधी पाच मिनिटं जमिनीवरच लगाम हातात देऊन ओढणं आणि सोडणं यांतला फरक दाखवला, तर माथेरानात माणसंही कमी पडतील, असं मला वाटतं. पडून जखमी झाल्याच्या बातम्या दर काही काळानं येतात. पण तिथल्या हंगामाच्या गर्दीत पाच मिनिटं म्हणजे पैसे, हेही खरं.

घोड्याला वळण लावणाऱ्याला मराठीत जुना शब्द आहे चाबुकस्वार. शब्दातच पद्धत सांगितली आहे. चाबकाचा दोष क्रौर्य एवढाच नाही, तो वेळेचाही आहे. घोड्यानं उडी नाकारली, स्वारानं त्याला वळवलं, शिव्या घातल्या आणि मग फटका मारला. यात दहा सेकंद गेली. माणूस ती दहा सेकंद ‘कारण’ आणि ‘शिक्षा’ या शब्दांनी जोडून घेतो. घोड्याला तो फटका वळण्याबद्दल मिळालेला असतो. अर्थात घोड्याला अगदीच निर्बुद्ध ठरवण्याची घाईही नको. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात 2024 मध्ये 20 घोड्यांना नाकानं एका पुठ्ठ्याला स्पर्श केला की खाऊ मिळे. मग नियम केला की दिवा लागलेला असताना स्पर्श केला तर खाऊ नाही. घोडे दिव्याकडे दुर्लक्ष करून स्पर्श करतच राहिले आणि नियम कळला नाही असं वाटलं. मग चुकीला दहा सेकंद खेळ बंद ठेवण्याची शिक्षा लावली, तेव्हा चुका लगेच घटल्या. म्हणजे नियम बहुधा आधीच कळला होता, पण चुकण्यात तोटा नव्हता म्हणून कष्ट घेतले नव्हते. मी हे तबेल्यातल्या मोतद्दार मामांना सांगितलं. ते म्हणाले, “यासाठी विद्यापीठ कशाला?” शिक्षा होती ती नुसती थांबण्याची, मात्र लगेच मिळणारी, हे मी पुन्हा सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

आपल्याकडचं सर्वांत अवघड वाटणारं अश्वकार्य मात्र चाबकाविना होतं, वारीच्या रिंगणात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीला येतात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, ते माउलींचं स्थान. सदाशिवनगरला किंवा बाजीरावाच्या विहिरीपाशी हजारो टाळ आणि पखवाज वाजत असताना, चहूबाजूंनी माणसांची भिंत असताना, तो मोकळा अश्व रिंगणात दौडतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. पळणारा प्राणी गर्दीत घुसत नाही, कारण पुढे धावणारा सोबती आहे आणि कळपातल्या प्राण्याला सोबत्यामागची वाट सर्वांत सुरक्षित वाटते. टाळांचा आवाज त्याला नवा नाही, तो दिवसेंदिवस कानांवर पडलेला असतो, चालता चालता, थोडा थोडा. भीतीची सवय मोडण्याची याहून चांगली रीत पुस्तकात नाही. हे सगळं माहीत असूनही बाजीरावाच्या विहिरीपाशी माझे डोळे भरून आले, तेव्हा माझ्या कपाळामागच्या भागानं फारसं काम केलं नाही.

आमच्या भागात तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतील. तिथेही घोडी गर्दीत, आवाजात उभी असते आणि ‘किती शांत आहे’ असं कौतुक होतं. घोड्याला तेहतीस हजार हर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं, आपल्याला वीस हजारांपर्यंत. भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकासमोर स्थिर उभी असलेली घोडी सवयीची झालेली असू शकते किंवा तिनं सुटकेची आशा सोडलेली असू शकते. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. जवळ जाऊन कान पाहावेत. सवयीच्या घोडीचे कान आवाजागणिक इकडेतिकडे वळत राहतात, डोळा मिटतो-उघडतो, खालचा ओठ सैल असतो. दुसरीचे कान बाजूला पडलेले आणि जागचे हलत नाहीत, नजर कुठेच नसते, नाकपुडीच्या वर सुरकुती असते. सारंगखेड्याच्या बाजारात देवमण आणि भोवरे पाहून घोड्याची किंमत लाखांत ठरते. कान कुणी बघत नाही. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतून गेलेल्या वरातीत घोडीवाल्या पोरानं तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले होते आणि डोक्यावरच्या झुलीनं ते झाकले होते. हे कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. “कुणी नाय काका,” तो म्हणाला, “फटाका वाजला की आधी माझाच हात आवळायचा लगामावर. मग ही उडायची. आता मी पण घालतो.” त्यानं मुंडासं वर करून स्वतःच्या कानातला बोळा दाखवला.