पत्रित खनिजांची सूक्ष्मकठिनता
पत्रित खनिजांची सूक्ष्मकठिनता : अभ्रक, केओलिनाइट, गिब्साइट इ. खनिजांच्या स्फटिकांत अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. थरातील बंध बळकट, तर थरांमधील बंध दुर्बल असल्याने ही खनिजे थरांना समांतर सहज दुभंगतात. या गुणधर्मास पाटन म्हणतात. हिऱ्याचे अतिसूक्ष्म टोक दाबले असता असे स्फटिक कसे वाकतात व तडकतात, हे सूक्ष्मकठिनतेच्या परीक्षणावरून कळते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी व शाहूवाडी तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यांवर बेसाल्ट कुजून बनलेला जांभा असून त्यात बॉक्साइटाचे साठे आहेत. या बॉक्साइटातील प्रमुख खनिज गिब्साइट होय. त्याची कठिनता मोस मापक्रमानुसार २·५ ते ३·५ असते. परंतु ओरखड्यावरून ठरविलेल्या या अंकावरून खनिज कसे मोडेल, ते समजत नाही. जांभ्याचा चिरा दाबून पाहिल्यास खनिजाबरोबरच त्यातील छिद्रांचा व कणांमधील सांध्यांचाही परिणाम मोजला जातो. एकेका कणाचे बळ काढण्यास सूक्ष्म परीक्षणच लागते.

यासाठी सामान्यतः बर्कोविच पद्धतीचे त्रिमुखी टोक वापरतात. भार मिलिन्यूटनांत व खोली नॅनोमीटरांत (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश) सतत नोंदली जाते. भार उतरवितानाच्या आलेखावरून कठिनता व स्थितिस्थापकता काढण्याची ऑलिव्हर व फार यांची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली.

टोक थरांना लंब दिशेने दाबल्यास थर प्रथम स्थितिस्थापकपणे वाकतात. पुढे ते एकमेकांवरून घसरतात, त्यांना घड्या पडतात व ते सुटे होऊ लागतात. अशा वेळी भार न वाढताही टोक एकाएकी खोल जाते आणि आलेखावर पायरी उमटते. थरांना समांतर दिशेने दाबल्यास मात्र टोक पाचरीसारखे काम करते व पाटनप्रतलावरून तडा धावतो. म्हणून दिशा नमूद केल्याशिवाय पत्रित खनिजाच्या कठिनतेचा आकडा अपुरा ठरतो.

खोली फार कमी असल्यास कठिनता प्रमाणाबाहेर अधिक भासते. त्यामुळे कणावरचा आकडा संपूर्ण खडकास थेट लावता येत नाही. तथापि धातुक दळताना कण कोठून फुटतील व चिरा कोठून उकलेल, हे समजण्यास हे परीक्षण उपयुक्त ठरते.