पूर्व किनाऱ्याची जमीन आणि मुंबईचा श्वास

बालाघाटच्या भूगर्भातील मँगनीज आणि मुंबईची गोदी यांचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातील खाणींमधून निघालेला काळा दगड आगगाडीने मुंबईस जाई आणि तेथून जहाजाने विलायतेच्या पोलाद कारखान्यांकडे रवाना होई. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले आणि हा ओघ बराचसा पूर्वेकडे वळला. तेव्हा आपल्याकडून दगड जात असे, आता मुले-मुली जातात. खैरलांजी-वारासिवनीकडच्या कितीतरी घरांतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी नागपूर-पुण्याबरोबर मुंबईचीही वाट धरली जाते. म्हणूनच मुंबईच्या त्या जुन्या बंदर-जमिनीवर उद्या कसली वस्ती उभी राहणार, हा प्रश्न आपल्याला परका मानता येणार नाही. वैद्यकीय व्यवसायात असणाऱ्यांनी तर त्याकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे.

कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंतचा मुंबईचा पूर्व किनारा सामान्य मुंबईकराने क्वचितच पाहिलेला असतो. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, वरळी हे सारे पश्चिमेला. पूर्वेला मात्र उंच भिंती, गोदामे, रेल्वेचे रूळ, तेलाच्या टाक्या आणि दारूखान्यातील जहाज तोडणीचे वाडे. १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, पाठोपाठ व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, अशी बांधणी होत गेली. या शेवटच्या गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीचा भराव घालून ट्रस्टने बॅलार्ड इस्टेट वसविली. गोदीच्या जमिनीवर आखीव, देखणी वसाहत उभी करण्याचा प्रयोग मुंबईला नवा नाही, तो असा शंभर वर्षांपूर्वीच यशस्वी झाला आहे.

याच गोदीच्या कुशीत मांडवी हा भाग येतो. १८९६ साली डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी मुंबईतील प्लेगचे पहिले निदान केले ते मांडवीत. धान्याची वखार, वखारीतील उंदीर आणि वखारीवरच्या अंधाऱ्या खोल्यांत दाटीने राहणारी माणसे ही साखळी आज आपल्याला स्पष्ट दिसते. त्या वेळी पिसू आणि प्लेग यांचा संबंध सर्वमान्य व्हावयाचा होता. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःच्या शरीरावर लस टोचून घेतली आणि सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, समुद्रावरचा वारा शहरात खेळावा म्हणून घरे पाडली. पण जितक्यांची घरे पाडली तितक्यांना निवारा मिळाला नाही, आणि उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. नगररचनेतील हे सर्वांत जुने दुखणे आहे.

जहाजे मोठी झाली, माल कंटेनरमधून येऊ लागला, १९८९ साली समुद्रापलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मुंबई बंदराचे जुने महत्त्व ओसरले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही ऐतिहासिक गोद्या पुढे भराव घालून बुजविण्यात आल्या. ट्रस्टच्या मालकीची जमीन मात्र राहिली, सुमारे अठराशे एकर. २०१४ मध्ये केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ मध्ये ट्रस्टकडेच नियोजन प्राधिकरणाचे अधिकार आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. विस्तीर्ण उद्याने, किनाऱ्यालगत पायवाटा, कार्यालये, घरे आणि पर्यटन अशी त्याची मांडणी आहे. ट्रस्ट आता मुंबई पोर्ट प्राधिकरण झाला, बोटीची काही नवी टर्मिनले झाली, २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह जाता येऊ लागले. समग्र आराखडा मात्र अद्याप जमिनीवर उतरलेला नाही. त्यामुळेच बोलण्याची वेळ अजून गेलेली नाही.

बोलावयाचे ते गिरणगावाचे उदाहरण समोर ठेवून. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे तिचे तीन भाग व्हावयाचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचारही मांडला होता. परंतु २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि शहराचा वाटा आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. मनोरे उभे राहिले, कचेऱ्या आल्या, पण रेल्वेचे पूल गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. एका शब्दाचा अर्थ बदलला की काय होते, याचा इतका दाहक दाखला दुसरा सापडणार नाही.

दाट वस्ती म्हणजे रोगट वस्ती, असा सरसकट समज आपण डॉक्टरांनी तरी करून घेऊ नये. दाट वस्तीत शाळा, दवाखाना, बाजार पायी गाठता येतात, आणि मधुमेहाच्या रुग्णाला आपण जे चालावयास सांगतो ते तेथे आपोआप घडते. खरा प्रश्न दोन इमारतींमधील अंतराचा आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत काही ठिकाणी इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. तेथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्या घरांत ऊन आणि वारा कमी तेथे क्षयरोग अधिक, असे दिसून आले. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबाला औषधांचा डबाही बरोबर आणावा लागावा, हे पुनर्वसन म्हणावयाचे काय? बंदराच्या जमिनीवर आज हजारो झोपड्या आहेत. त्यांतील माणसे कोठे जाणार आणि त्यांच्या खिडकीसमोर काय असणार, हे उद्यानाच्या एकरांइतकेच महत्त्वाचे आहे. योगायोग असा की शिवडीचे प्रसिद्ध क्षयरोग रुग्णालय याच जमिनीच्या शेजारी आहे.

दुसरी बाब मातीची. जेथे दशकानुदशके जहाजे तोडली, तेल साठविले, रसायने उतरविली, तेथील भूमी वरून हिरवळ अंथरल्याने शुद्ध होत नाही. जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस असे, रंगात शिसे असे. ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा परिणाम वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणावर दिसतो. शिसे मुलांच्या बुद्धीवर मुकाट्याने आघात करते. मँगनीजच्या धुळीने कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात, हे खाणीच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला निराळे सांगावयास नको. त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेस माहूल आहे. प्रकल्पग्रस्तांना तेथे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरे दिली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तेथील हवेच्या प्रदूषणाची दखल घेतली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तेथे आणखी कुटुंबे पाठविण्यास मनाई केली. घरे आधी बांधली, हवा नंतर तपासली.

हॅम्बुर्गचे उदाहरण येथे आठवते. १८९२ च्या पटकीच्या साथीत त्या बंदराच्या शहरात आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर पाणी गाळण्याची व्यवस्था आणि घरांच्या सुधारणा यांना गती आली. त्याच शहराने १५७ हेक्टरच्या जुन्या बंदर-क्षेत्रावर हाफेनसिटी ही दाट वस्ती हाती घेतली, तेव्हा मातीची तपासणी आणि सफाई बांधकामाच्या आधी ठेवली. घरे, कचेऱ्या, शाळा एकमेकांत मिसळल्या आणि पाण्याचा काठ सर्वांना खुला राहिला. तेथे सारे निर्दोष आहे असे नव्हे, महागाईची तक्रार तेथेही आहे.

मुंबईत दरडोई मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर भरते, एक सतरंजी अंथरावी एवढी. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरचे उद्यान हे चैनीचे कलम धरता येणार नाही. मात्र ते कसले असावे याचाही विचार हवा. शिवडीच्या खाजणात दर हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने रोहित पक्षी उतरतात. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू त्यांच्याच शेजारून समुद्रात शिरतो. हा चिखल आणि तिवरे बुजवून त्यावर कारंजी बसविण्यापेक्षा, जेथे तो आहे तेथे तो राखून काठाने सावलीची झाडे, बाके, स्वच्छतागृहे आणि वृद्धांना चढता येईल असा उतार दिला तर खर्चही कमी येईल आणि भरतीचे पाणीही सामावले जाईल. प्रारूप आराखड्यावर पुन्हा हरकती मागविल्या जातील तेव्हा इमारतींमधील अंतर, मातीचे अहवाल आणि विस्थापितांची घरे या तीन बाबींवर वैद्यकीय संघटनांनी लेखी म्हणणे द्यावे. मुंबईतील आपल्या व्यवसायबंधूंशी पत्रव्यवहार करून ते तयार करता येईल, आणि त्यासाठी गोवंडीची ती पाहणी हाताशी आहेच.